काळ्या पक्ष्यांचे फोटो: नैसर्गिक प्रकाशात काळं पीस काळंच ठेवून तपशील कसा मिळवायचा

कावळा, कोतवाल, कोकीळ, पाणकावळा हे पक्षी शोधायला कुठे दूर जावं लागत नाही. तरी त्यांचे मनासारखे फोटो फार कमी निघतात. बहुतेक फोटोंत दोनपैकी एक गोष्ट झालेली असते. एक तर डोळा, चोच, पिसं काहीच न दिसणारा काळा ठिपका मिळतो, नाहीतर तपशील दिसावा म्हणून इतका उजळलेला पक्षी मिळतो की कावळा राखाडी आणि फिकट वाटू लागतो. दोन्ही चुकांच्या मुळाशी एकच समजूत असते: काळा पक्षी म्हणजे प्रकाश कमी, म्हणून प्रकाश वाढवा.

माझं म्हणणं वेगळं आहे. काळ्या पिसातला तपशील एक्स्पोजर (सेन्सरवर पोचणारा प्रकाश) वाढवून मिळत नाही, तो पिसांवरच्या झळाळीतून मिळतो. ती झळाळी कॅमेऱ्याच्या दिशेनं यावी यासाठी तुम्ही कुठे उभे राहता, सूर्य कुठे आहे आणि आकाश कसं आहे, हे आधी ठरतं. कॅमेऱ्याची सेटिंग त्यानंतर येते. या लेखाचा क्रमही तोच ठेवला आहे.

काळं पीस मुळात दिसतं कसं

पिसांचा काळा रंग मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे येतो. मेलॅनिन आत शिरलेला बहुतेक प्रकाश शोषून घेतं. पण पिसाचा बाहेरचा पृष्ठभाग केराटिनचा, बऱ्यापैकी गुळगुळीत असतो आणि त्याच्यावरून थोडा प्रकाश आत न शिरताच परत फिरतो. हा परतलेला प्रकाश सगळीकडे विखुरत नाही, साधारण आरशासारखा ठरावीक दिशेनं जातो.

इथेच पांढऱ्या आणि काळ्या पक्ष्यात मोठा फरक पडतो. बगळ्याचं पीस प्रकाश चहूकडे विखुरतं, त्यामुळे बगळा कुठूनही पाहिला तरी उजळ दिसतो आणि त्याची गोलाई सावल्यांमधून कळते. काळ्या पक्ष्याच्या अंगावर सावली पडली तरी ती दिसत नाही, कारण काळ्यावर काळं उमटत नाही. त्याची गोलाई, खांद्याचा उंचवटा, मानेवरच्या पिसांची रांग हे सारं फक्त चमकणाऱ्या भागांवरून कळतं. झळाळी नसेल तर आकार नाही, आणि आकार नसेल तर एक्स्पोजर कितीही वाढवा, हाती सपाट राखाडी रंगच येईल.

सगळी काळी पिसं सारखी नसतात, हेही ध्यानात घ्यायला हवं. कोतवालाच्या पाठीवर निळसर तकाकी असते, नर कोकिळेचा काळा रंग निळ्या-हिरव्या झाकेचा असतो. नर जांभळा शिंजीर सावलीत निव्वळ काळा दिसतो आणि उन्हात मान वळवली की जांभळा-निळा पेटतो. ही झाक रंगद्रव्याची नसते. पिसाच्या बारीक तंतूंमध्ये केराटिन आणि मेलॅनिनचे अतिसूक्ष्म थर असतात, त्यांच्यावरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून ती तयार होते. म्हणून कोन बदलला की रंग बदलतो किंवा नाहीसा होतो. दुसऱ्या टोकाला न्यू गिनीतले काही बर्ड्स ऑफ पॅरडाइज आहेत. त्यांच्या नरांची मखमली काळी पिसं सरळ पडणाऱ्या प्रकाशापैकी ९९.९५ टक्क्यांपर्यंत शोषून घेतात, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मोजलं गेलं. अशा पिसांत तपशील शोधण्यात अर्थ नाही. आपल्या नेहमीच्या काळ्या पक्ष्यांत मात्र तो भरपूर असतो.

पिसांची अवस्थाही बघा. जुनी, झिजलेली पिसं तपकिरी आणि निस्तेज दिसतात, पिल्लांची पिसंही पूर्ण वाढलेल्या पक्ष्यांपेक्षा मंद असतात. पिसं गळून नवी आली की तोच पक्षी लखलखीत होतो. एकाच झाडावर चार कावळे बसले असतील तर दुर्बिणीतून आधी हे पाहून घ्या आणि मग कोणाकडे लेन्स वळवायची ते ठरवा.

पहिली पायरी: आपली सावली पाहा

पक्षी दिसला की कॅमेरा उचलण्याआधी जमिनीवरची स्वतःची सावली पाहायची. सावलीचं टोक थेट पक्ष्याकडे असेल तर सूर्य तुमच्या बरोबर पाठीशी आहे. पक्ष्यांच्या फोटोंसाठी बहुतेक जण हीच जागा सुचवतात, आणि काळ्या चेहऱ्यातला काळा डोळा दिसण्यासाठी ती चांगलीच आहे. पण अशा प्रकाशात अंगाची गोलाई कमी होते. मी सावली आणि पक्षी यांच्यात साधारण २० ते ४० अंशांचा कोन राहील इतका बाजूला सरकतो. मग खांदा, छातीची कड आणि डोक्याचा माथा यांवर तकाकीची पट्टी उतरते, उरलेलं अंग खोल काळं राहतं, आणि पक्षी कागदी न वाटता भरीव दिसतो.

सूर्य अगदी बाजूला, म्हणजे ९० अंशांवर असेल तर अर्धा पक्षी चमकतो आणि अर्धा नाहीसा होतो. पक्ष्याचा चेहरा उजेडाकडे असेल तरच असा फोटो घ्यावा. चेहरा अंधाराकडे असेल तर थांबा, पक्षी मान वळवतोच.

याचा सराव घरीही करता येतो आणि तो मनापासून करावा असं मी सुचवेन. एक चुरगळलेलं काळं कापड आणि एखादी चकचकीत काळी चामड्याची वस्तू सकाळच्या उन्हात ठेवा आणि तिच्याभोवती पूर्ण फेरी मारा. घड्या कुठून उठून दिसतात, कुठून सपाट होतात, चमक कुठे पांढरी फटक होते, हे डोळ्यांना एकदा कळलं की रानात तो निर्णय क्षणात होतो.

वेळ आणि आकाश

सूर्य खाली असताना प्रकाश आडवा येतो. तो पक्ष्याच्या छातीवर, गालावर, पंखाच्या बाजूवर पडतो, आणि हेच भाग आपल्याला कॅमेऱ्यातून दिसत असतात. सूर्य डोक्यावर आला की फक्त पाठ आणि माथा चमकतात, पोट आणि चेहरा काळोखात जातात. शिवाय तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा थरथरते आणि लांब पल्ल्याच्या लेन्समधून पिसांचा बारीक पोत विरघळून जातो. हा दोष पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरनं भरून निघत नाही.

माझ्या मते काळ्या पक्ष्यांसाठी सर्वांत चांगला प्रकाश म्हणजे पातळ, उंच ढगांतून गाळून आलेलं ऊन. जमिनीवर फिकट कडांची सावली पडते आहे, पण पडते आहे, असं आकाश. अशा वेळी प्रकाशाला दिशा असते आणि त्याचा उगमही मोठा झालेला असतो. उगम मोठा म्हणजे झळाळी रुंद आणि मऊ. लहान, टोचणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांऐवजी पिसांवर करड्या रंगाच्या हळुवार पायऱ्या मिळतात. असं आकाश मिळालं तर भर दुपारीही काम थांबवू नका.

दाट ढगाळ दिवस वाटतो तितका सोयीचा नसतो. सगळीकडे सारखा प्रकाश असल्यानं पाठीवर आकाशाची निळसर-करडी झाक पसरते आणि पोटाखाली काहीच उरत नाही. अशा दिवशी पक्ष्याखालची जमीन पाहा. फिकट वाळू, कोरडं गवत, पांढरट खडक किंवा पाणी असेल तर तिथून वर उसळणारा प्रकाश पोट आणि हनुवटी उजळवतो. काळ्या मातीवरचा कावळा आणि वाळूवरचा कावळा यांच्यातला फरक एका नजरेत कळतो. पाणकावळे यात भाग्यवान, त्यांच्याखाली बहुतेक वेळा पाणीच असतं. पंख पसरून वाळवत बसलेला मोठा पाणकावळा नीट पाहा: पंखावरची पिसं कांस्य रंगाची असतात आणि प्रत्येकीला काळी किनार असते. मऊ उजेडात ही खवल्यांसारखी नक्षी पूर्ण उलगडते.

एक्स्पोजर: मीटर काय सांगतो आणि आपण काय ऐकायचं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश जाऊ.

कॅमेऱ्याचा मीटर समोरून परत आलेला प्रकाश मोजतो. समोर काय आहे हे त्याला ठाऊक नसतं. तो दृश्य मध्यम करड्या रंगाचं, साधारण १८ टक्के प्रकाश परतवणारं आहे असं धरून चालतो. समजा एखादं काळं पीस ४-५ टक्केच प्रकाश परतवतं आणि त्यानं पूर्ण फ्रेम भरली आहे. मीटर ते मध्यम करड्यापर्यंत उचलेल, म्हणजे जवळपास २ स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). कावळा राखाडी होतो तो असा. म्हणून पक्ष्यानं फ्रेम भरली असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या हिशेबात आपण हातानं केलेली अधिक-उणे दुरुस्ती, उणे करायचं.

आता तोच कावळा फांदीच्या शेंड्यावर, लहानसा, मागे पांढुरकं आकाश. फ्रेमचा बहुतेक भाग आकाशाचा. मीटर आकाशाला मध्यम करडं करायला जातो आणि कावळा कोळसा होतो. इथे अधिक करावं लागतं, तेही चांगलं दीड-दोन स्टॉप. म्हणून ‘काळा पक्षी म्हणजे उणे’ किंवा ‘काळा पक्षी म्हणजे अधिक’ हे दोन्ही नियम अर्धेच आहेत. कॉम्पेन्सेशन पक्ष्याच्या रंगावर ठरत नाही, फ्रेममध्ये कशाचं राज्य आहे त्यावर ठरतं.

सुरुवातीला धरायला काही आकडे देतो. पक्षी समोरून उजळलेला आणि निम्म्याहून जास्त फ्रेम त्याची असेल तर −२/३ ते −१. पूर्ण −२ करू नये, कारण पिसांत थोडा जीव ठेवायचा आहे. पक्षी पाव फ्रेमचा आणि मागे हिरवी झाडी असेल तर ० किंवा +१/३. मागे चकाकतं पाणी असेल तर +१ च्या आसपास. मागे ढगाळ पांढरं आकाश असेल तर +१.५ ते +२. आणि पक्षी उन्हात, पण मागे दाट सावलीतली झाडी असेल तर −१ किंवा त्याहून जास्त उणे, कारण इथे पक्षी आणि पार्श्वभूमी दोन्ही काळी असल्यानं मीटर सर्वाधिक फसतो. हे आकडे मीटरच्या पद्धतीनुसार आणि कॅमेऱ्यानुसार हलतात. पहिल्या फोटोनंतर स्क्रीन पाहून दुरुस्त करा.

पण खरं सांगायचं तर कॉम्पेन्सेशनच्या या खेळापेक्षा मॅन्युअल, म्हणजे आकडे हातानं पक्के केलेलं एक्स्पोजर मला फार जवळचं वाटतं. कारण साधं आहे. कोतवाल तारेवरून उडाला, आकाशासमोरून गेला, मग झाडीसमोरून वळला आणि परत तारेवर बसला. या सगळ्यात त्याच्या अंगावर पडणारं ऊन बदललंच नाही. बदलली ती पार्श्वभूमी. ऑटोमधला मीटर प्रत्येक क्षणी पार्श्वभूमीमागे धावतो, मॅन्युअल जागेवर राहतं.

पद्धत अशी. पक्ष्यावर पडतंय तेच ऊन पडलेला, त्याच बाजूनं उजळलेला, मध्यम रंगाचा एखादा भाग शोधा. हिरवं गवत चालतं, करडा खडक किंवा झाडाची मध्यम रंगाची सालही चालते. तिथे मीटर शून्यावर आणा आणि मॅन्युअलमध्ये ते आकडे पक्के करा. मग पूर्ण काळ्या पक्ष्यासाठी शटर २/३ ते १ स्टॉपनं मंद करा. एवढंच. जोवर ऊन तसंच आहे तोवर आकड्यांना हात लावायचा नाही. ढग आला किंवा सूर्य बराच वर चढला की पुन्हा मोजायचं.

गवतही जवळ नसेल तर जुना ‘सनी १६’ नियम कामाला येतो. स्वच्छ उन्हात, सूर्य बराच वर असताना, एफ/१६ ला (एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान) शटर स्पीड हा आयएसओचा, म्हणजे कॅमेऱ्याच्या संवेदनशीलतेच्या आकड्याचा, व्यस्त आकडा. आयएसओ ४०० असेल तर एफ/१६ ला १/४००, म्हणजे एफ/५.६ ला १/३२००. सकाळच्या खालच्या उन्हात प्रकाश साधारण एक स्टॉप कमी धरा, झाले १/१६००. काळ्या पिसांसाठी आणखी एक स्टॉप, झाले १/८००. सूर्य नुकताच उगवला असेल तर प्रकाश याहून बराच कमी असतो, तिथे हा हिशेब लावू नका.

आणखी एक स्टॉप कशासाठी

काळ्याला काळंच ठेवायचं म्हणतो आणि प्रकाश वाढवायलाही सांगतो, हे उलटं वाटेल. त्याचं उत्तर सेन्सरच्या कामात आहे. १४ बिट रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरची नोंद जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलमध्ये, उजेडाच्या १६,३८४ पातळ्या असतात, पण त्या सगळ्या स्टॉपमध्ये सारख्या वाटलेल्या नसतात. सर्वांत उजळ स्टॉपला त्यांतल्या निम्म्या, म्हणजे ८,१९२ मिळतात, त्याखालच्याला ४,०९६, मग २,०४८, आणि पाचव्या स्टॉपपर्यंत पोचता पोचता फक्त ५१२ उरतात. काळं पीस राहतं ते याच तळात. तिथे प्रकाशही कमी पोचलेला असतो, त्यामुळे नॉइजचं, म्हणजे फोटोत दिसणाऱ्या दाण्यांचं, प्रमाणही तिथेच जास्त. फोटो घेताना पक्ष्याला थोडं उजळ टिपायचं आणि नंतर संगणकावर खाली आणायचं, म्हणजे काळा रंग खोलही राहतो आणि स्वच्छही. उलट केलं, म्हणजे अंधारा फोटो घेऊन नंतर दोन स्टॉप उचलला, तर छातीवरच्या पिसांऐवजी रंगीत दाणे वर येतात. म्हणून काळ्या पक्ष्यांचे फोटो रॉमध्येच घ्यावेत. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पातळ्याच असतात, तिथे ही उचल-ठेव फार चालत नाही.

मर्यादा ठरवते ती झळाळी. हायलाइट इशारा, म्हणजे स्क्रीनवर लुकलुकणारे भाग, सुरू ठेवा. चोचीवरचा किंवा पाण्याच्या थेंबावरचा टिंबाएवढा लखलखाट लुकलुकला तर काही बिघडत नाही. पण खांद्यावरची सलग पट्टी लुकलुकायला लागली तर १/३ स्टॉपनं मागे या, कारण तपशील त्या पट्टीतच आहे. हिस्टोग्राम (डावीकडे गडद, उजवीकडे उजळ भाग दाखवणारा आलेख) पाहताना पक्ष्याचा डोंगर डावीकडे असणारच, तो डाव्या भिंतीला चिकटलेला नसावा इतकंच पाहा. रंगांचे वेगळे हिस्टोग्राम दिसत असतील तर तेच वापरा. निळ्या-जांभळ्या झाकेच्या पक्ष्यात निळा रंग आधी भिंतीला लागतो आणि एकत्रित हिस्टोग्राममध्ये ते कळत नाही.

काळ्याबरोबर पांढरंही असेल, जसं नर दयाळात, किंवा कपाळावर पांढरी ढाल मिरवणाऱ्या वारकरी पक्ष्यात, तर वरचा वाढीव स्टॉप विसरा. पांढरं एकदा फुटलं की परत येत नाही, काळं मात्र थोडंफार उचलता येतं. पांढरं जेमतेम वाचेल तिथे एक्स्पोजर थांबवा आणि शक्यतो मऊ प्रकाशाचा दिवस निवडा. कडक उन्हात या पक्ष्यांचे दोन्ही रंग एकदम सांभाळणं अवघड आहे. याउलट आपल्या नेहमीच्या कावळ्याची राखाडी मान हा फुकटचा मापदंड आहे. ती मान डोळ्यांना दिसली तशीच फोटोत दिसते आहे का, एवढं पाहिलं तरी एक्स्पोजर ताब्यात राहतं.

डोळा सापडला पाहिजे

ऑटोफोकसला पकडायला उजेड-अंधाराची सीमा लागते. छातीच्या सलग काळ्या पिसांत ती नसते, म्हणून फोकस पुढे-मागे शोधत राहतो. पक्ष्याचा डोळा ओळखणारी प्रणाली असली तरी काळ्या चेहऱ्यातला गडद डोळा तिलाही चकवतो. अशा वेळी लहान, एकच फोकस बिंदू निवडा आणि तो डोळ्यावर, नाही जमलं तर चोच जिथे चेहऱ्याला मिळते त्या कडेवर ठेवा. पक्षी बाजूनं दिसत असेल तर ती कड आणि डोळा जवळपास एकाच अंतरावर असतात. कोतवालाच्या चोचीच्या मुळाशी बहुधा एक बारीक पांढरा ठिपका असतो. लांबून तोच डोळ्यातली चमक असल्यासारखा वाटतो, तेव्हा फोटो मोठा करून खात्री करून घ्या.

चुकायला जागा किती असते? फुल फ्रेम कॅमेरा, ५०० मिमी लेन्स, एफ/५.६ आणि पक्षी ८ मीटरवर, तर स्पष्ट दिसणारी खोली सगळी मिळून ८-९ सेंटिमीटर. एफ/८ ला ती १२ च्या आसपास जाते. पक्ष्यानं खांदा तुमच्याकडे केला असेल आणि फोकस खांद्यावर बसला असेल तर डोळा हातचा जातो. प्रकाश पुरेसा असेल तर बसलेल्या पक्ष्यासाठी मी एफ/७.१ किंवा एफ/८ पसंत करतो.

फोकस बसला तरी डोळ्यात चमक हवीच. नर कोकिळेचा किंवा वारकरी पक्ष्याचा डोळा लाल असतो, तो आपोआप उठतो. कावळ्याचा गडद डोळा चमकेशिवाय चेहऱ्यात बुडून जातो. चमक येते ती डोकं उजेडाकडे वळलं की. त्यामुळे शटर दाबण्याचा क्षण पक्ष्याच्या मानेवर सोपवा. तो मान हलवत असताना तीन-चार फोटोंचा छोटा बर्स्ट घ्या. शिंजीरासारख्या पक्ष्यात तर हे फारच गरजेचं आहे, मान काही अंशच वळते आणि काळा गळा जांभळा होऊन पुन्हा विझतो.

मागे काय आहे

पांढरं आकाश काळ्या पक्ष्याला दोन बाजूंनी मारतं. मीटर फसतो हे वर आलंच. दुसरं नुकसान कमी बोललं जातं. फ्रेममधला भरपूर उजेड लेन्सच्या काचांमध्ये आपटून पसरतो आणि पक्ष्याच्या काळ्या भागावर धुक्यासारखा थर चढवतो. काळा रंग धुऊन निघतो, पिसांचा पोत फिका पडतो. लेन्स हूड कायम लावा, पुढची काच स्वच्छ ठेवा, स्वस्तातला संरक्षक फिल्टर असेल तर काढून टाका. आणि शक्य असेल तर जागाच बदला. दोन पावलं चढावर गेलात किंवा पक्ष्याच्या उंचीला आलात तर आकाशाच्या जागी दूरची झाडी, डोंगर किंवा गवत येतं. मध्यम रंगाची, दूर आणि धूसर पार्श्वभूमी काळ्या पक्ष्याला सर्वांत शोभते. फार गडद पार्श्वभूमी हवी असेल तर पक्ष्याच्या कडेला उजेडाची रेघ असलीच पाहिजे, नाहीतर पक्षी कुठे संपतो ते कळणार नाही.

तशी रेघ मिळते ती सूर्य पक्ष्याच्या मागे, थोडा बाजूला असताना. तेव्हा अंगातल्या तपशिलाचा नाद सोडा आणि कडेसाठी एक्स्पोजर ठेवा. पंख पसरले तर उड्डाणाची पिसं उजेडात अर्धपारदर्शक दिसतात आणि काळ्याऐवजी तपकिरी-करडी होतात. पूर्ण छायाकृती करायची असेल तर चोच बाजूनं दिसली पाहिजे, पाय आणि शेपटी फांदीपासून सुटी असली पाहिजे. दुभंगलेल्या शेपटीचा कोतवाल यासाठी फार सुंदर पक्षी आहे.

पोलरायझर फिल्टर लावावा का? मी लावत नाही. तो दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो आणि पिसांवरची चमकही कमी करू शकतो. जिच्यासाठी एवढी धडपड केली, तीच झळाळी काढून टाकण्यात काय हशील?

उडता पक्षी

इथे मॅन्युअल एक्स्पोजर खऱ्या अर्थानं उपयोगी पडतं, म्हणून ते आधीच बसवून ठेवा. कावळ्यासाठी १/१६००, कोतवालासारख्या गिरक्या घेणाऱ्यासाठी १/२५०० किंवा अधिक. हा वेग मिळवण्यासाठी आयएसओ वाढवावा लागला तर खुशाल वाढवा. आयएसओ १६०० वर नीट उजळलेला फोटो, आयएसओ कमी ठेवण्याच्या हट्टानं अंधारलेल्या आणि नंतर उचललेल्या फोटोपेक्षा वाईट नसतो. नॉइज ठरतो तो मुख्यतः सेन्सरवर किती प्रकाश पोचला त्यावर.

पंख कोणत्या स्थितीत आहेत यावर सगळा तपशील अवलंबून असतो. पंख वर असताना त्यांची आतली बाजू उजेडात येते, खाली असताना पाठ दिसते, आणि मधल्या क्षणी बहुतेक वेळा अंगावर सावली पडलेली असते. पक्षी तुमच्याकडे पाठीशी ऊन घेऊन येत असेल तर सोडून द्या. वळताना त्याचा एक पंख सूर्याकडे कलतो तो क्षण धरा, तेव्हा पंखावरून चमक सरकताना दिसते.

बसलेल्या पक्ष्यासाठी १/५०० पुरेसं असतं. ओरडताना कावळा सगळं अंग हलवतो, तेव्हा १/८०० ठेवा.

पक्षी आपल्या कामात मग्न राहील इतकं अंतर राखा. तो मान ताणून तुमच्याकडे पाहू लागला किंवा पिसं अंगाशी घट्ट आवळून बसला तर तुम्ही जास्तच जवळ आला आहात. आवळलेल्या पिसांत पोतही दिसत नाही. निवांत पक्षी पिसं सैल सोडतो, साफ करतो, फुलवतो, आणि आपल्याला हवा असलेला प्रत्येक थर तेव्हाच दिसतो. घरट्याजवळ जाऊ नका, रेकॉर्ड केलेला आवाज लावून बोलावू नका.

संगणकावर

पहिला हात व्हाइट बॅलन्सला, म्हणजे प्रकाशाच्या रंगाच्या दुरुस्तीला, लावा. सावलीतल्या किंवा ढगाळ दिवसाच्या फोटोत काळ्या पिसांवर आकाशाचा निळा रंग चढलेला असतो, झाडीतल्या फोटोत पोटाखाली हिरवा. हा रंग काढायचा, पण पिसाची स्वतःची झाक ठेवायची. दोन्ही ओळखायला सोपी खूण आहे: बाहेरून चढलेला रंग चोच, पाय, फांदी सगळ्यांवर सारखा असतो, पिसाची झाक मात्र पिसागणिक बदलते आणि ठरावीक भागांतच असते. पूर्ण फोटोचा निळा रंग एकदम कमी केलात तर कोतवाल बिचारा मेलेल्या काळ्या रंगाचा होईल.

मग एकूण एक्स्पोजर खाली आणा, पक्षी पुन्हा खरोखर काळा वाटेपर्यंत. काळा बिंदू असा ठेवा की सर्वांत खोल सावल्या, जसं पंखाखालची फट, पूर्ण काळ्या होतील. तिथे तपशील नसणंच बरोबर आहे. शॅडो स्लायडर टोकाला नेऊ नका. सगळ्या काळ्या भागाला एकसारखा उचलला की झळाळी आणि सावली यांच्यातलं अंतर बुजतं आणि पक्षी सपाट होतो. त्याऐवजी फक्त चेहरा आणि छातीवर मास्क काढा, म्हणजे तेवढाच भाग निवडा, तेवढाच भाग १/३ ते १/२ स्टॉप उचला. झळाळीच्या पट्ट्यांवर किंचित कॉन्ट्रास्ट वाढवा. पोत वाढवणारा स्लायडर फक्त तिथेच वापरा जिथे पिसं खरोखर फोकसमध्ये आहेत.

नॉइज काढताना पार्श्वभूमी आणि पक्षी वेगळे धरा. पार्श्वभूमीवर हवा तेवढा हात फिरवा, पक्ष्यावर कमीत कमी, कारण नॉइजबरोबर पिसांचे तंतूही पुसले जातात. शार्पनिंगनंतर पक्ष्याच्या कडेभोवती पांढरी रेघ उमटली आहे का ते शंभर टक्के मोठं करून पाहा. काळा पक्षी आणि उजळ पार्श्वभूमी यांच्या सीमेवर ती लगेच खुपते. तिथेच जांभळी-हिरवी किनारही दिसू शकते, ती लेन्सच्या दुरुस्तीच्या पर्यायातून काढा.

स्क्रीन फार उजळ ठेवून काम केलं तर फोटो नकळत गडद होत जातो, आणि छापल्यावर छाती-पोट एकच काळा डाग होऊन येतं. स्क्रीन मध्यम ठेवा आणि फोनवरही एकदा पाहा. छापायचं असेल तर चकचकीत कागदावर काळा रंग जास्त खोल उतरतो, मॅट कागदावर तो थोडा वर येतो आणि जवळजवळच्या गडद छटा एकमेकींत मिसळतात. मोठी प्रत काढण्याआधी चेहरा, छाती आणि खांदा येईल एवढी एक पट्टी त्याच कागदावर छापून घ्या, दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी पाहा. छातीची पिसं सुटी दिसत नसतील तर फक्त तेवढाच भाग पाव स्टॉप उचला आणि दुसरी पट्टी काढा.